खळ, तूस आणि कूलिंग कॉइल

"बॅटरी जरा खाली धर. अजून खाली. हां, तितंच थांब."

मामांचं डोकं स्टिअरिंगखाली, पाठ गाडीच्या तळावर अंथरलेल्या पोत्यावर आणि पाय बाहेर अंगणातल्या फरशीवर. पलीकडच्या दारातून आत वाकलेली भाची बॅटरीचा झोत धरून आहे. स्टिअरिंगचा दांडा खाली सोडायचे बोल्ट निघालेत. आता डॅशबोर्डाच्या पोटातल्या आडव्या लोखंडी पट्टीचा एक बोल्ट तेवढा अडून बसलाय. दहा नंबरची गोटी त्यावर बसते, पण रॅचेट फिरवायला जागा दोन बोटांची. मामा रॅचेटला लांब एक्स्टेन्शन जोडतात, डोळे मिटून घेतात आणि हातानं चाचपत बोल्ट शोधतात. कटकन आवाज येतो.

"सुटला?"

"सुटला. आता दोघांनी दोन बाजू धरायच्या. वढायचं न्हाई, उचलायचं."

मार्च संपत आलाय. कबनूरच्या या गल्लीत ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलेलं नाही, पण शेजारच्या गाळ्यातले माग कधीच सुरू झालेत. त्यांच्या खटखटाटात बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो, आणि इथली माणसं घरातही त्याच आवाजात बोलतात. मामांचा गाळा आज बंद आहे, म्हणून गाडीला मुहूर्त लागलाय.

हातकणंगले तालुक्यातलं हे गाव इचलकरंजीला इतकं चिकटलंय की नवख्याला हद्द कळत नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे माग शहराची वेस ओलांडून आजूबाजूच्या गावांत शिरले आणि कबनूरच्या गल्ल्यांत घराला लागून गाळे उभे राहिले. मामा जॉबर आहेत. माग बिघडला की त्यांना बोलावणं येतं. धोटा का उडतोय, पिकिंगचा पट्टा कुठे ढिला झालाय, कापडात पट्टा का पडतोय, हे ते मागाशेजारी क्षणभर उभं राहून आवाजावरून ओळखतात. गल्ली त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. गाडीच्या एसीचं काम त्यांनी कुठल्या शाळेत शिकलेलं नाही. पण नट, बोल्ट, पट्टा, बेअरिंग यांची भाषा त्यांना येते, आणि उघडलेली वस्तू त्याच क्रमानं परत जोडायची शिस्त मागानं त्यांच्या हाताला लावलेली आहे. हे काम घरी करायचं तर हीच शिस्त सगळ्यात जास्त लागते.

डॅशबोर्ड दोघांच्या हातांवर तरंगत दारातून तिरका होऊन बाहेर येतो आणि अंगणातल्या बाजेवर उताणा पडतो. मागच्या बाजूला वायरिंगच्या जुड्या, हवेचे काळे पन्हाळ, कपलरच्या रिकाम्या टोप्या. प्रत्येक कपलर काढण्याआधी भाचीनं मोबाइलवर फोटो घेतलाय आणि चिकटपट्टीवर आकडा लिहून लावलाय. स्क्रूंसाठी तिची युक्ती अशी: खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर डॅशबोर्डाचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचायचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा म्हणतात, "एवढी हुशारी माझ्या जॉबरकीत आली असती तर निम्मा ताप वाचला असता."

"मामा, एअरबॅग न्हाई ते बरं झालं बघा," ती म्हणते. "असती तर गाडीची बॅटरी काढून थांबायला लागलं असतं."

खरं आहे. 2008 सालची ही पांढरी हॅचबॅक एअरबॅगशिवायची आहे. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे बॅटरीची तार काढून साठलेला विद्युतभार उतरेपर्यंत थांबावंच लागतं आणि पिवळ्या कपलरला हात लावण्यापूर्वी कंपनीची पुस्तिका उघडावी लागते. पुस्तिका हाताशी नसेल तर ते काम घरी करू नये.

गाडीची तक्रार गेल्या काही उन्हाळ्यांपासूनची. उन्हाळा लागला की गॅस भरून घ्यायचा, काही आठवडे गार वारा यायचा, मग नुसता वारा. गॅस भरणारा दर वेळी पैसे घेई आणि गळती शोधायचं पुढच्या वेळेवर ढकली. शेवटी इचलकरंजीतल्या एका एसीवाल्या भाईंनी गॅसबरोबर रंगद्रव्य सोडलं आणि जांभळी बॅटरी मारून बघितलं. कॉम्प्रेसर कोरडा, कंडेन्सर कोरडा, पाइपांचे सांधे कोरडे. डॅशबोर्डाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी मात्र हिरवट चकाकी. म्हणजे गळती आत, कूलिंग कॉइलमध्ये. कॉइलची किंमत चार हजारांच्या आत. तिच्यापर्यंत पोहोचायची मजुरी मात्र त्याहून जास्त सांगितली गेली. त्यात चुकीचं काही नाही. दिवसभराचं काम आहे, आणि दिवसभर एका गाडीत अडकलेल्या माणसाला मोल मिळायलाच हवं. पण मामांकडे पैशांपेक्षा सुट्टीचा दिवस जास्त होता.

पाना हातात घेण्याआधी मामांनी एक गोष्ट केली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काल संध्याकाळी गाडी भाईंच्या दुकानात नेऊन आत उरलेला गॅस यंत्रानं ओढून सिलिंडरमध्ये घेतला. काट्यावर जेमतेम नव्वद ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर या गाडीसाठी 420 ग्रॅम लिहिलंय. म्हणजे बाकीचा सगळा कबनूरच्या हवेत गेला होता.

"नव्वद ग्रॅमसाठी कशाला हेलपाटा? पाइप ढिला करायचा, फुस्स, मोकळं," असं शेजारचे दाजी काल म्हणाले होते. आज ते स्वतः बिडी हातात घेऊन गाडीशी आलेत. मामा त्यांना दोन हात लांब थांबवतात. "दाजी, बिडी तिकडं. पाइपात थोडा गॅस ऱ्हातोय, त्यो जाळावर गेला की इखारी धूर हुतोय."

हे बरोबर आहे. आर-134ए हा गॅस एरवी पेटत नाही, पण ज्वाळेच्या तापानं त्याचं विघटन होतं आणि फुप्फुसाला जाळणारी हायड्रोजन फ्लोराइडची वाफ तयार होते. शिवाय मोकळ्या हवेत तो उणे 26 अंशांना उकळतो. द्रवरूपात हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मामांनी चष्मा घातलाय तो त्यासाठीच.

आणि हवेचा हिशेब वेगळाच. आधीच्या गाड्यांत आर-12 असे. त्यातल्या क्लोरीननं वरच्या वातावरणातला ओझोन खाल्ला, म्हणून 1987 साली माँट्रियलचा करार झाला आणि 1992 मध्ये भारत त्यात आला. मग गाड्यांत आर-134ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवतो: शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-134ए म्हणजे साधारण 1430 किलो कार्बन डायऑक्साइड. त्या हिशेबानं दाजींच्या 'फुस्स'मधून सव्वाशे किलोंच्या वर भार आकाशात गेला असता. 2016 च्या किगाली दुरुस्तीनं अशा वायूंनाही उतरती कळा लावली. भारतानं ती 2021 मध्ये मान्य केली, आणि आपल्याकडची कपात 2032 पासून सुरू व्हायची आहे. ते देशाचं झालं. अंगणातला पाइप कोणी आणि कसा सोडायचा, ते मात्र अंगणातल्या माणसानंच ठरवायचं असतं.

आतून उघडी पडलेली गाडी ओळखू येत नाही. समोर उघडा पत्रा, त्यावर डांबरी नमदा, आणि मधोमध गुडघ्याएवढी काळी प्लास्टिकची पेटी. कॉइल हिच्याच पोटात. पेटीत एका बाजूला ब्लोअर, मध्ये कूलिंग कॉइल, पुढे हीटर कॉइल आणि दोन्हींमधून वारा वळवणारी झडप. सगळी गाडी या पेटीभोवती बांधल्यागत दिसते.

नेहमीच असं नव्हतं. 1940 च्या पॅकार्डमध्ये, म्हणजे कारखान्यातूनच एसी लावून आलेल्या पहिल्या मोटारीत, थंड करणारी कॉइल मागच्या सीटच्या पाठी असे. 1954 मध्ये नॅश कंपनीनं गरम-गार दोन्ही व्यवस्था पुढे, डॅशबोर्डात आणि बॉनेटखाली, एकत्र आणल्या, आणि तेव्हापासून कॉइलचा मुक्काम तिथेच पडला. आपल्या मारुती 800 मध्ये ग्लोव्ह बॉक्स काढला की कॉइलची पेटी हाती येई. डॅशबोर्ड जागच्या जागी राही. पुढच्या गाड्या आतून मोठ्या झाल्या, डॅशबोर्ड भरगच्च झाले आणि दोन हातांत मावणाऱ्या वस्तूसाठी अख्खी गाडी सोलायची वेळ आली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार आराखड्यात असला पाहिजे, असं आज सकाळपासून मला सारखं वाटतंय.

बॉनेटखाली आता दुसरं काम. पेटीतून इंजिनाच्या बाजूला चार तोंडं निघतात: दोन अ‍ॅल्युमिनियमचे पाइप एसीचे आणि दोन रबरी नळ्या हीटरच्या. इंजिन रात्रभर गार झालंय, म्हणून मामा रेडिएटरचं झाकण बिनधास्त उघडतात आणि खालून हिरवं कूलंट घमेल्यात सोडतात. गोडसर वास येतो. मामी आतून ओरडतात, "ते घमेलं उचला वर, कुत्रं त्वांड घालंल!" आणि स्वतःच येऊन ते कट्ट्यावर ठेवतात. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीव घेणारं असतं. मामींना ते नाव ठाऊक नसेल, धोका ठाऊक आहे.

हीटरच्या नळ्या सोळा-सतरा वर्षांत कडक झाल्यात. ओढल्या तर हीटर कॉइलचं नाजूक तोंड मोडायचं. मामा ओढत नाहीत, धारदार पात्यानं नळी उभी चिरतात आणि सोलून काढतात. नळी नवीन घेता येते, तोंड येत नाही. मग एसी पाइपांची पट्टी धरणारा बोल्ट. तो निघताच भाची पाइपांच्या उघड्या तोंडांवर प्लास्टिक गुंडाळून रबर लावते. "आत हवा गेली की ओल जाती," ती मला समजावते. "कॉम्प्रेसरचं तेल हवंतली ओल पितंय."

पेटी बाहेर येते. मामा ती मांडीवर घेतात, कडेच्या क्लिपा एकेक उडवतात, स्क्रू काढतात आणि दोन्ही शकलं वेगळी करतात.

कुणी काही बोलत नाही. मग मामा म्हणतात, "बघा. ह्यो आपला गाव."

कॉइल दिसतच नाही. तिच्या तोंडावर करड्या रंगाचा ओल्या नमद्यासारखा जाड थर बसलाय. मामा नखानं कड उचलतात आणि तो थर सलग सुटून येतो. त्याच्या आतल्या अंगावर कॉइलच्या पापुद्र्यांच्या बारीक रेघा उमटल्यात. एका कोपऱ्यात तेलकट हिरवा डाग. तिथेच छिद्र.

हा थर रस्त्यावरच्या धुळीचा नाही, निदान फक्त धुळीचा नाही. मामा त्यातला चिमूटभर भाग बोटांत चोळतात आणि उन्हात धरतात. धागे दिसतात. मागावर ताणा ताणला जातो, फणी त्याला घासते, धोटा येतो-जातो, आणि प्रत्येक फेऱ्याला सुताची तूस उडते. ती छपराला लटकते, तारांवर बसते, माणसांच्या भुवयांवर बसते. या गाडीच्या मागच्या सीटवर सुताची बाचकी गेलीत, पुढच्या सीटवर गाळ्यातून थेट उठून आलेली माणसं बसलीत. ब्लोअरनं ही सगळी तूस वर्षानुवर्षं आत ओढली आणि कॉइलवर आणून चिकटवली, कारण कॉइल नेहमी ओली असते. आतला गॅस साधारण 30 पीएसआय दाबाला, दोनेक अंशांवर उकळत गाडीतली उष्णता उचलतो. त्या गार पापुद्र्यांवर हवेतली वाफ पाण्याचे थेंब होऊन उतरते. कोरड्या तुसेला असा ओलावा मिळाला की ती धरून बसते.

तुसेबरोबर खळही येते. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ देतात, म्हणजे स्टार्च, म्हणजे एका अर्थी अन्नच. अंधार, ओल आणि स्टार्च एकत्र आल्यावर बुरशीला आणखी काय हवं? एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येणारा आंबूस वास हाच. आणि थराखाली साचून राहिलेलं आंबट, क्षारयुक्त पाणी अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतं. धातू मग तेवढ्याच जागी आत आत खात जातो. कोकणात हेच काम खारा वारा करतो, मोठ्या शहरात वाहनांचा धूर आणि कुजलेली पानं करतात. कबनूरमध्ये ते आमच्या धंद्याच्या तुसेनं केलं.

आजी दारातल्या पायरीवर बसून हे सगळं बघतेय. मामांची आई. तिनं ऐन उमेदीतली वर्षं कांड्या भरण्यात घालवली. तिचा खोकला या गल्लीला ओळखीचा आहे. सकाळी तो आला की शेजारी समजतात, म्हातारी उठली.

"इकडं आण बघू," ती म्हणते.

भाची तो थर पुठ्ठ्यावर ठेवून तिच्याकडे नेते. आजी बोट लावून बघते.

"हे गाडीच्या नाकात अडाकलं व्हय? मग आमच्यात कुठं गेलं असंल?"

ती हे दुःखानं म्हणत नाही, विचारते. उत्तर ठाऊक आहे आणि ते कडू आहे. कापसाच्या तुसेनं होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळल्यागत वाटते, हे त्याचं सुरुवातीचं लक्षण. गिरण्यांच्या देशांत त्याला सोमवारचा ताप असं नाव पडलं होतं, कारण तिथे सुट्टी रविवारची. पुढे ती आवळण रोजची होते, आणि बरीच वर्षं गेल्यावर फुप्फुस पूर्ववत होत नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत, बिसिनोसिसचं नाव होतं. पण चार-सहा माग आणि दोन-तीन माणसं असलेल्या गाळ्याला तो कायदा लागूच होत नव्हता, आणि इथले कितीतरी खर्चीवाले गाळे तसेच आहेत. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. मीटरमागे काही पैशांवर त्याचं घर चालतं. त्याला एक्झॉस्ट पंखा बसवायला सांगणं सोपं आहे, पण त्या मजुरीत तो पंखा कधीच धरलेला नसतो. मला या गावाचा राग येत नाही, राग त्या दराचा येतो.

"आजे, तुजं डॉक्टरला दाखवूया परत," भाची म्हणते.

"दावलंय की. सिरप दिलाय," आजी म्हणते आणि पदर तोंडाला लावते.

दुपार. भाकरी, खरडा, ताक. जेवताना वाद निघतो तो हीटर कॉइलचा. मामी म्हणतात, एवढं सोललंय तर तीही नवी टाका, परत कोण उघडणार? मामा म्हणतात, चांगल्या वस्तूला हात लावू नये. दोघांचंही पटण्याजोगं आहे. कबनूरच्या थंडीत हीटर लावायची पाळी क्वचितच येते, पण हीटर कॉइलमधून इंजिनाचं गरम पाणी जातं. तिला भोक पडलं तर पायाखालची सतरंजी ओली होते, समोरच्या काचेवर तेलकट वाफ धरते आणि कूलंट संपून इंजिन तापतं. मग मामा जेवण झाल्यावर तोडगा काढतात. कॉइलचं एक तोंड रबरी बुचानं बंद, दुसऱ्या तोंडाला नळी, नळीला सायकलचा पंप, आणि कॉइल पाण्याच्या बादलीत बुडवलेली. दाब फार द्यायचा नाही, रेडिएटरच्या झाकणावर असतो तेवढाच, 13 ते 15 पीएसआय. भाची पंप मारते, मामा पाण्याकडे टक लावतात. पापुद्र्यांत अडकलेले बुडबुडे वर येतात आणि थांबतात. मग पाणी स्थिर.

"हाय ती ठणठणीत हाय," मामा म्हणतात. मामी मान्य करतात. नळ्या आणि क्लिपा मात्र नव्या.

नवी कूलिंग कॉइल खोक्यातून निघते. तिच्या तोंडावरची टोपणं मामा शेवटच्या क्षणापर्यंत काढत नाहीत. आधी पेटीची दोन्ही शकलं साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली जातात. पाणी सोडणाऱ्या नळीतून तार घातली की तुसेचा बोळा बाहेर येतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सीटखाली पाणी का साठत होतं, ते आत्ता कळलं. जुन्या कॉइलमध्ये खोचलेला तापमानाचा सेन्सर भाची काढते आणि नव्या कॉइलवर खालून कितव्या ओळीत, कडेपासून किती अंतरावर बसवायचा ते पट्टीनं मोजते. हा सेन्सर कॉइल गोठायच्या आत कॉम्प्रेसर बंद करतो. त्याची जागा चुकली तर एक तर कॉइलवर बर्फ धरतो किंवा गारवाच येत नाही.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून आणलेल्या हिरव्या ओ-रिंगा पॅग तेलात बुडवून एकेक बसवल्या जातात. जुन्या कॉइलबरोबर जे तेल गेलं त्याच्या बदल्यात नव्या कॉइलमध्ये पुस्तिकेनुसार मोजून तेल घालायचं असतं. मामा औषधाच्या सिरिंजनं ते घालतात. कमी पडलं तर कॉम्प्रेसर कोरडा चालून मरतो, जास्त झालं तर गारवा घटतो. ड्रायरही नवा. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा, कारण ओल शोषणारे त्याच्यातले दाणे उघड्या हवेत काही वेळातच तृप्त होतात. अनेक जण इथेच हात आखडतात, आणि मग नव्या कॉइलला आतूनच गंज लागतो.

परतीचं काम मी लांबवत नाही. पेटी बसते, नळ्या बसतात, डॅशबोर्ड बाजेवरून उठून पुन्हा दोघांच्या हातांवर तरंगतो. पुठ्ठ्यावरच्या चित्रातून स्क्रू एकेक कमी होत जातात. पुठ्ठा रिकामा होतो तेव्हा भाची तो उलटा करून झटकून बघते, आणि मामांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा मोकळं हसू येतं.

दिवेलागणीला भाई स्कूटरवर येतात. पायाशी निर्वात पंप, मागे सिलिंडर, पिशवीत वजनकाटा.

"काय जॉबर, एकबी स्क्रू शिल्लक न्हाई?"

"एक बी न्हाई, भाई. इचारा पोरीला."

गेजच्या नळ्या जोडल्या जातात आणि पंप घरघरू लागतो. निळा काटा शून्याखाली सरकत 28 इंचांच्या आसपास थांबतो. कबनूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथला हवेचा दाबच तेवढा. त्याच्या पुढे काटा जाणार नाही. एवढ्या निर्वातात पाणी या संध्याकाळच्या गारव्यातही उकळतं आणि पाइपांत लपलेली ओल वाफ होऊन पंपातून निघून जाते. पाऊण तास पंप चालतो. मग भाई चाव्या बंद करतात, पंप थांबवतात आणि सगळे काट्याकडे बघत बसतात. अर्धा तास. काटा हलत नाही. भाईंना घाई नाही. अशा माणसाकडे गाडी न्यावी.

मग गॅस. सिलिंडर काट्यावर, नजर आकड्यांवर. अंदाजानं नाही, दाब बघून नाही, वजनानं: 420 ग्रॅम. मामा इंजिन चालू करतात, ब्लोअर पुरा, खिडक्या बंद. निळा काटा 35 वर, लाल 190 वर. भाची जाळीत थर्मामीटर खोचते. 24, 18, 13, 9. आठावर तो थांबतो. आजीला पुढच्या सीटवर बसवतात. ती जाळीसमोर हात धरते आणि म्हणते, "वास न्हाई आता."

आता मामा ग्लोव्ह बॉक्स परत खाली सोडतात. ब्लोअर आणि कॉइलच्या मध्ये फिल्टरची खाच आहे, पण कारखान्यातून ती प्लास्टिकच्या झाकणानं बंदच आलेली. स्वस्त मॉडेलला फिल्टर दिलेला नव्हता. मामा पात्यानं झाकण कापतात, आत कागदी फिल्टर सरकवतात आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख लिहितात. फिल्टरची किंमत कॉइलच्या दहाव्या हिश्शाएवढी. तो पहिल्या दिवसापासून असता, तर आजचा दिवस लागला नसता.

कबनूर, चंदूर, कोरोची, इचलकरंजी, जिथे जिथे माग आहेत तिथल्या गाडीवाल्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गाडीत फिल्टरची खाच आहे का ते बघा. असेल आणि रिकामी असेल तर फिल्टर टाका, आणि पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर तो बदला, कारण ती पुस्तिका मागांच्या गावासाठी लिहिलेली नाही. गॅस भरायला गेलात तर आधी गळती शोधायला सांगा, आणि उरलेला गॅस हवेत सोडू देऊ नका. गाळेवाल्यांनी छपराखाली निदान एक एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि कापड घेणाऱ्यांनी मजुरीत त्याचे पैसे धरावेत. आणि मागावर, कांडीवर, वहिफणीवर बसणाऱ्यांनो, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळत असेल तर खोकल्याचं सिरप मागू नका. डॉक्टरांना आधी सांगा की आपण किती वर्षं तुसेत काम करतोय, आणि फुप्फुसाची तपासणी करून घ्या.